मारा नदीकाठी उतरायचं कुठे

तळेक, केनिया,
जुलैची अखेर

प्रिय ताजेऊ,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे मला नाही, आमच्या सफारीच्या ऑफिसला. 'महोदय, सप्टेंबरमध्ये मी, माझी पत्नी आणि आमची लहान मुलगी जनावरांचं स्थलांतर पाहण्यास येत आहोत. मुक्कामासाठी योग्य जागा कृपया सुचवावी.' महोदय! अरे लेका, नरोकच्या बाजाराला जाणाऱ्या ट्रकच्या टपावर बसून माझ्या वाटणीचं कणीस खाऊन टाकणारा तू, आणि मी महोदय? ऑफिसातली पोरगी म्हणाली, "सारुनी, हॉलंडहून कुणीतरी विचारतंय. नाव तर आपल्यातलंच दिसतंय. काय कळवू?" नाव वाचलं आणि पत्र मी तिच्या हातातून काढून घेतलं. इथला मुख्य वाटाड्या मी झालोय, हे तुला ठाऊक नव्हतं. असतं तर तू दुसऱ्या ऑफिसला लिहिलं असतंस, एवढं ओळखतो मी तुला. इतक्या वर्षांनी येतोयस, बायको-पोरीला घेऊन येतोयस, आणि घराचा पत्रात एका अक्षराने उल्लेख नाही. ऑफिसचं रीतसर उत्तर दरांसकट येईलच. हे माझं उत्तर आहे, आणि ते तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तर पहिली जागा नदीच्या वळणावरची. तंबू अगदी काठावर, रात्रभर पाणघोडे असे हुंकारतात की नवखा माणूस पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. पाहुण्यांना वाटतं, कळप नदी पार करताना पाहायचा तर हीच जागा. पण कुठून उतरायचं ते वाइल्डबीस्ट आम्हाला विचारून ठरवत नाहीत. यंदा ते लवकर आले. मागच्या आठवड्यात वळणाच्या खालच्या अंगाला सकाळपासून जमायला लागले आणि दुपारपर्यंत पलीकडचा काठ दिसेनासा झाला, नुसत्या काळ्या पाठी आणि धूळ. पुढची एक म्हातारी पाण्याला नाक लावायची, दचकायची, मागे फिरायची, की मागचे हजारो मागे फिरायचे. पुन्हा यायची, पुन्हा तेच. मी गाडीचं इंजिन बंद करून बसलो होतो. आणि मग कुणाला काय वाटलं कोण जाणे, एकाने उडी टाकली. अरे, तो आवाज! गाडीच्या पत्र्यातून, सीटमधून, माझ्या हाडांतून तो आवाज गेला. कडा ढासळत होता, त्यावरून धबाधबा कोसळत होते, पाणी दिसतच नव्हतं, नुसती शिंगं वाहत होती. लोकांना हे दाखवायचं हाच माझा धंदा, दर वर्षी बघतो, तरी अंगावर काटा आला.

आणि सगळे पार झाल्यावर एक मादी काठावर उभी राहून हंबरायला लागली. तिचं वासरू पलीकडेच राहिलं होतं. कळप पुढे निघून गेला, हिरवं गवत समोर होतं, मगरी अजून पाण्यात फिरत होत्या. ती बया वळली आणि एकटीच परत नदीत उतरली. गाडीतल्या पाहुण्यांचे कॅमेरे खाली आले. ती पलीकडे पोहोचली का ते विचारशील. पोहोचली. वासरू सापडलं का ते मला दिसलं नाही, झाडी दाट होती. पाहुण्यांतली एक बाई ढसाढसा रडत होती. माझ्यावरही डोळे पुसायची वेळ आली, ती मी धुळीवर ढकलली.

दुसरी जागा कड्यावरची. वारा सोसाट्याचा, सकाळी अशी थंडी की चहाचा पेला सोडवत नाही, आणि नदीवर जायला गाडीने फार वेळ मोडतो. पण तिथून सगळं माळरान पायाशी. सूर्य वर आला की आधी वाटतं, ढगांची सावली पडलीय. मग ती सावली हलायला लागते. त्या कड्यावर लॉज नव्हतं तेव्हा तुझे बाबा आपल्याला घेऊन गेले होते, आठवतं? गेलेल्या माणसाचं नाव आपण घेत नाही, म्हणून बाबाच म्हणतो. आयुष्यभर त्यांनी वाइल्डबीस्टना शिव्या घातल्या. त्यांच्या माद्या व्यायल्या की त्यांचा रोग आपल्या गाईंना लागतो, गवत ते फस्त करतात, त्यांच्यापायी गुरं दूर दूर हाकावी लागतात. लोक विमानात बसून हे बघायला येतात हे ऐकून ते कपाळाला हात लावायचे. आणि त्या दिवशी त्याच माणसाने काठीवर भार टाकून खाली बघितलं, बघतच राहिला. आपण दोघं भुकेने कळवळलो होतो, पण हाक मारायची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरांनो, केवढं खिल्लार हे! आणि गुराखी एकही नाही." एवढं बोलून घसा खाकरला आणि चालायला लागले. त्यांचा आवाज तसा कापलेला मी पुन्हा एकदाच ऐकला. तू मार्येकेशी लग्न केल्याची बातमी घेऊन एकटाच आलास, त्या संध्याकाळी.

तेव्हा मी तिथेच होतो, त्यामुळे मला तू काही सांगू नकोस. वडीलधाऱ्यांना न विचारता, मुलीकडच्यांना एकही गाय न देता परमुलखात लग्न केलंस. ते फाटकात उभे होते, आजूबाजूचे म्हातारे ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जिच्यासाठी एक गाय जागची हलली नाही, ती बाई माझ्या फाटकातून आत यायची नाही." तू पाठ फिरवलीस. पुढे ते गेले, तुला निरोप पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मेलेल्या माणसाचा शब्द आपल्यात कुणालाही मागे घेता येत नाही. म्हणून तू ऑफिसला महोदय लिहितोस, हेही मला कळतं. आपल्याला एकाच सकाळी सुंतेची सुरी लागली, एकाच झोपडीत आपण बरे झालो. माझ्या घरी तू कधीही येऊन झोपावंस, मी उठून दुसरीकडे जावं, ही आपली रीत. ती तू विसरलास याचा मला राग आला होता, फार आला होता. माझ्या बायकोने, सिमालोईने, दोन दिवस माझ्याशी बोलायचं टाळलं, इतका मी घरात धुसफुसत होतो.

तिसरी जागा उत्तरेला, गावकऱ्यांनी भाड्याने दिलेल्या जमिनीवर. गाड्या कमी, पायी फिरता येतं, पोरीला जिराफ अगदी जवळून दिसतील. जाणकार माणसाला मी तीच सुचवतो. फक्त तिच्या ओसरीवरून सकाळी आपल्या वस्तीचा धूर दिसतो. तू तिथे चहा पीत बसणार आणि तिकडे तुझी आई, आपली येयो, चूल पेटवणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी ऑफिसच्या कागदावर ती जागा लिहिता लिहिता थांबलो.

तू येणार हे मी येयोला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तू दोन टेकड्यांपलीकडे येऊन तसाच परत गेलास तर तिने हाय खाल्ली असती. पण तुझी आई ती! मी तिच्याकडे जायचं बंद केलं, तर एके दिवशी काठी टेकत तीच माझ्या दारात. म्हणाली, "सारुनी, साखर संपली तरी माझा चहा कधी चुकवला नाहीस तू. माझ्या पोराची बातमी आहे तुझ्याकडे. चांगली का वाईट, तेवढं सांग." मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. ती म्हणाली, "खोटं बोलताना तू लहानपणीही कानच चोळायचास." सिमालोई आतून हसली. मग काय, सांगितलं सगळं. वाटलं होतं रडेल. पण तिने विचारलं, "नातीला गाईचं दूध पचतं का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब उठली की तुझ्या आईला वेड लागलंय, ती कुंपण तोडतेय. आम्ही धावत गेलो. उगवतीच्या बाजूचं काटेरी कुंपण तिने विळ्याने तोडायला घेतलं होतं, हात रक्ताळलेले. म्हातारे ओरडले, "अगं, तुझ्या नवऱ्याचा शब्द आहे!" ती मागे न वळता म्हणाली, "शब्द त्यांच्या फाटकाचा होता. ते फाटक तसंच आहे, त्यातून ती येणार नाही. पोरगा बायका-पोरांचा झाला की त्याला वेगळं फाटक देतात का नाही, बोला! हे ताजेऊचं फाटक. यातून कोण येणार ते ताजेऊ ठरवेल." अरे, एवढी वर्षं ते फाटक आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही, तुलाही नाही. शेवटी सगळ्यांत वडील म्हाताऱ्याने तोंडात तंबाखू होती तसाच तिच्या तळव्यांवर थुंकून आशीर्वाद दिला आणि म्हणाला, "ही बाई शाळेत गेली असती तर नैरोबीच्या कोर्टात बसली असती." मग काटे ओढायला मी पण लागलो.

पण खरी गंमत पुढेच. फाटकाच्या आत ती घर बांधायला लागली. तुला ठाऊक आहे, घर सुनेने बांधायचं, सासूने सावलीत बसून चुका काढायच्या. बायका खो खो हसल्या. शेजारीण म्हणाली, "काय हो, सून आराम करणार आणि सासू शेण थापणार? कोणत्या मुलखाची रीत ही?" येयो म्हणाली, "तिच्या आईने तिला शेण थापायला शिकवलं नसेल, म्हणून काय तिला उघड्यावर झोपवू? तू हस, पण हसता हसता ती फांदी इकडे दे." आता त्याच बायका रोज येतात. फांद्या वाकवून झाल्यात, मागची भिंत लिंपून झाली, नातीसाठी बिछान्याजवळ छोटी खिडकी ठेवलीय. गुडघे दुखतात, दम लागतो, पण कुणाला हात लावू देत नाही. मी एवढी मोठी नदी, एवढे कळप, सिंह, हत्ती बघितले, ताजेऊ, पण संध्याकाळी त्या बाईला ओल्या भिंतीवरून हात फिरवताना बघतो तेव्हा जशी छाती भरून येते तशी कशानेच येत नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. काल तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. तुम्ही कधी येणार हे तिने विचारलं नाही. येणार का, हेही नाही. म्हणाली, "काम अडलंय. दाराची वरची फांदी बांधायची राहिलीय. आपण वाकून आत जातो, आपल्याला सवय आहे. पण तिकडच्या बायका उंच असतात म्हणे. पहिल्याच दिवशी कपाळ आपटलं तर पोरीला वाटेल, सासूने मुद्दाम केलं. तू लिही त्याला." तर म्हणून लिहितोय. नदीवरच्या आणि कड्यावरच्या जागेचं काय ते तुझं तू ऑफिसला कळव. मला फक्त एवढंच सांग, तुझ्या मार्येकेची उंची किती? लवकर कळव रे, येयोने फांदी भिजत घातलीय.

तुला महोदय न म्हणणारा,
तुझाच
सारुनी