सिंहाच्या डोक्यावरची टोपी

६ तारीख, सोमवार

आली! चौघंही आली. मुलगा, सून, सात वर्षांची नात, चार वर्षांचा नातू. रविवारपर्यंत राहणार. तेवढे दिवस निभले म्हणजे मिळवली.

घर आधीच पाठ करून ठेवलं होतं. पलंगापासून दार सात पावलं, दारापासून ओटा पाच. पण ह्यांनी आल्या आल्या बॅगा वाटेतच टाकल्या! चहा घेऊन येताना धडकलो. कप वाचला, नडगी सोलली. "काय झालं बाबा?" — "काही नाही, पायाला मुंग्या आल्यात."

सून शाळेत शिकवते. तिच्या हातून कुणाची चूक सुटत नाही. माझ्याकडे बघत होती. की नव्हती? हल्ली मला माणसाचा चेहरा दिसतो, चेहऱ्यावरचं काही दिसत नाही.

७ तारीख, मंगळवार

मुलाने सकाळीच विषय काढला. "आईला जाऊन तीन वर्षं झाली. एकटे किती दिवस काढणार? आमच्याकडे चला. सातवा मजला आहे, हवा छान येते."

म्हटलं, हवा इथेही येते.

हसला. मग म्हणाला, "आज तुम्ही धडधाकट आहात म्हणून आग्रह करत नाही. पण काही कमी-जास्त आढळलं तर मी तुमचं ऐकणार नाही हं बाबा. घराला कुलूप घालीन आणि घेऊन जाईन."

कमी-जास्त! दोन वर्षं झाली, कमीच होत चाललंय. बाजूचं तर दिसतच नाही, समोरचं धुकट. मोतीबिंदूच असणार. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, पिकू द्या, घाई कशाला. पण मुलाला कळलं की संपलं. सातव्या मजल्यावर मी काय करू? इथला रस्ता पायांना माहीत आहे. खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठली बस गेली. तीस वर्षं कंडक्टर होतो, चेष्टा नाही.

दुपारी संग्रहालयात गेलो. गर्दी फार. दारातल्या टोपीवाल्याकडून दोन्ही पोरांना पिवळ्याधमक टोप्या घेतल्या. सून म्हणाली, "कशाला बाबा, घरी ढीग पडलाय." म्हटलं, गर्दीत ओळखू येतील. खोटं नाही बोललो. पिवळं मला अजून दिसतं.

दिवसभर टोप्या मोजल्या. एक, दोन. एक, दोन. तीस वर्षांत एक प्रवासी मागे ठेवला नाही मी!

८ तारीख, बुधवार

टेकडीवरच्या मनोऱ्यावर गेलो. एकशे बारा पायऱ्या. कठडा धरून एकेक चढलो. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, माझ्यापेक्षा ताठ चढता की!" ऐकून बरं वाटलं.

वर नात माझा हात धरून उभी राहिली. तिला मी मास्तरीण म्हणतो. आईचं बघून सगळ्यांना शिकवते. नातू म्हणजे भुंगा, सारखा गुणगुणत हिंडतो.

मास्तरीण म्हणाली, "आजोबा, ते बघा जहाज! लाल!"

"हो हो! केवढं मोठं!"

उतरायला लागलो तेव्हा कानाशी येऊन म्हणाली, "जहाज नव्हतंच."

मी कठडा चाचपला. तिने हात घट्ट धरला. प्रत्येक वळणावर नुसतं हळूच म्हणायची — "पायरी."

कुणाला सांगेल का? विचारायची हिंमत नाही झाली.

९ तारीख, गुरुवार

भुंग्याला कणकण. घरीच. मुलाने औषधाची बाटली माझ्या हातात दिली — "बाबा, किती चमचे लिहिलंय बघा." बाटली नुसतीच फिरवत राहिलो. तेवढ्यात मास्तरीण, "मी वाचते! मी वाचते!"

वाचलो.

१० तारीख, शुक्रवार

ओळी एकमेकींवर चढत असतील. तरी लिहितो.

तळ्यावर गेलो होतो. भुंगा बरा झालेला, काल घरी कोंडल्याचं उट्टं काढत होता. मुलगा होडीच्या रांगेत लागला. सून बाथरूम शोधायला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ह्याच्यावर नजर ठेवा. पाचच मिनिटं." मास्तरीण पलीकडे बदकांना पाव टाकत होती.

बाकासमोर दगडाचा सिंह आहे, पोरांनी चढावं असा. भुंगा त्याच्यावर चढला. मी बाकावर बसलो, पिवळ्या टोपीवर डोळे लावून. पडू नये म्हणून म्हटलं, बस गप्प, गोष्ट सांगतो. एकदा माझ्या बसमध्ये एका बाईने शेळी आणली आणि मुलगी आहे म्हणून अर्धं तिकीट मागितलं, ती गोष्ट. भुंगा हूं की चूं करेना. मला वाटलं, वा! पोरगं पहिल्यांदा एका जागी बसलंय! माझी गोष्ट रंगत गेली. शेळीचा आवाजसुद्धा काढला.

मास्तरीण आली. "आजोबा, तो कुठाय?"

"हा काय, बसलाय की शहाण्यासारखा."

"आजोबा, तो सिंह आहे. टोपी सिंहाच्या डोक्यावर आहे."

उठून हात लावला. गार दगड.

मग काय झालं ते नीट आठवत नाही. मी हाका मारत भलतीकडेच पळालो. मास्तरीण घाटाकडे धावली. होडीवाल्याचा आवाज ऐकू आला — "कुणाचं पोर आहे हे? कुणाचं आहे?" भुंगा पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर होता. खाली दोनच पायऱ्या कोरड्या उरल्या होत्या. होडीवाल्याने सदऱ्याला धरून उचलला.

सून आली, पोराला छातीशी धरून खालीच बसली. मुलगा आला. "बाबा, तुम्ही होतात ना इथे? काय झालं?"

मी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत मास्तरीण म्हणाली, "मीच त्याला म्हटलं लपाछपी खेळू या. आजोबांना न सांगता लप म्हटलं."

मुलाने तिच्या थोबाडीत मारली. आवाज झाला. हात उठलेला दिसला नाही मला, आवाज मात्र ऐकला.

मी उघडलेलं तोंड मिटलं.

मिटलं! इथे तरी लिहितो.

११ तारीख, शनिवार

पोरगी दिवसभर कोपऱ्यात. सून तिच्याशी बोलत नाही. "एवढी मोठी झालीस, अक्कल कधी येणार?" असं दोनदा म्हणाली. भुंगा मात्र पलंगावर उड्या मारतोय.

बाकीचे बाजारात गेले तेव्हा मास्तरणीला जवळ घेतलं. म्हटलं, बाळ, म्हाताऱ्यासाठी मार खाल्लास. मी तुझ्या बाबांना खरं सांगतो.

"नको!" एकदम ओरडलीच. "तुम्हाला दिसत नाही कळलं की ते तुम्हाला घेऊन येतील. आई म्हणाली होती, तुमचा पलंग माझ्या खोलीत टाकायचा. आणि तुम्ही घोरता."

मी गार झालो. मग हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"तुम्ही रडताय का हसताय?"

"मला तरी कुठे दिसतंय!"

तीही हसली. जरा वेळाने गाल चोळत म्हणाली, "पण बाबांनी खूप जोरात मारलं."

चुकलं माझं. तिला तिची खोली सांभाळायची होती, मला माझं घर. पण ती सात वर्षांची आहे. मी चौऱ्याहत्तरचा.

१२ तारीख, रविवार

सकाळीच सांगितलं. बॅगा भरून दारात ठेवलेल्या. म्हटलं, लपाछपी वगैरे काही नव्हतं. मी टोपीला गोष्ट सांगत बसलो होतो. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली.

मुलगा गप्प. किती वेळ गप्प! चेहऱ्यावरचं दिसत नाही तेव्हा माणसाचं गप्प राहणं सोसवत नाही.

सून म्हणाली, "माझा मुलगा बुडाला असता बाबा." बरोबर आहे तिचं.

मग मुलगा मास्तरणीसमोर जमिनीवर बसला. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, पण परत नका मारू."

तिघं दुपारच्या गाडीने गेली. मास्तरीण माझ्याशी न बोलता गाडीत चढली. मुलगा मागे राहिला. उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात विचारणार म्हणतो. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे रे, अर्ध्या तासाचं काम. काढला की मी पुन्हा पहिल्यासारखा! मग कुलूप कशाला?

"बघू," म्हणाला.

१३ तारीख, सोमवार

उद्याची वेळ मिळाली. नवा सदरा काढून ठेवला.

१४ तारीख, मंगळवार

मोतीबिंदू नाहीच. डोळ्यांत दाब वाढून आतली शीर सुकत गेली. गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." आणि थांबल्या.

मुलगा रागावला नाही. रस्ता ओलांडताना दंड धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

दारात आल्यावर मीच विचारलं, तुमच्या लिफ्टमध्ये सातव्या मजल्याचं बटण खालून कितवं रे?