वादळाची लाट कुठवर जाते

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी कुणाचे लेखन तपासताना माझ्या तोंडून तुमचेच वाक्य निघते: "सुबक आहे, सिद्ध कुठे आहे?" तुमच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता तुम्ही माझ्या प्रबंधाची बाजू स्वतःकडे घ्यायचात आणि मला परीक्षक करायचात. मी तुटून पडायची. तुमचे हात न थांबता उत्तरे यायची. एकदा म्हणालात, "निकाल द्यायची फार घाई तुला. न्यायाधीशच व्हायचं होतंस." मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आज दुपारी खारघरच्या माझ्या घरी माझी विद्यार्थिनी प्रबंध घेऊन बसली होती. तिचे म्हणणे असे, की घाटावर वादळी ढग उसळले की हवेत लाटा उठतात, वर हवा विरळ होत जाते तशा त्या मोठ्या होतात, आणि शेवटी फार उंचावरच्या विद्युतभारित थराला, आयनांबराला, हेलकावे देतात. मी मात्र आयुष्यभर त्या थराच्या प्रत्येक हालचालीचा जाब सूर्याला विचारत आले. म्हणून कित्येक आठवडे सही रोखून धरली होती, आणि त्या सहीवाचून तिचा प्रबंध पुढे सरकत नव्हता. शेवटी मी तुमचा खेळ काढला. "तू मी हो. मी तू."

तिने चष्मा नाकावर ओढून हुबेहूब माझ्या आवाजात विचारले, "हे सूर्याचं काम नाही, कशावरून?"

"सूर्य त्या दिवसांत शांत होता."

"मग यंत्र बिघडलं असेल."

"दोन वेगळी यंत्रं होती. हेलकावा खालच्या थरात आधी दिसला, आयनांबरात नंतर. बिघाड असा पायरी पायरीनं वर चढत नाही."

बोलता बोलता मीच तिचा प्रबंध पुढे ओढला. ती हसू लागली. "मॅडम, मी पण इतकं भारी नाही लिहिलंय! करा ना सही आता, कशाला टेन्शन देता?"

मी सही केली. वर सुनावलेही, "मला आधीच पटलं होतं, तुझी तयारी पाहत होते." लिफ्टची वाट पाहताना ती आईला फोनवर मोठ्याने सांगत होती, "आई, झाली बघ सही!" साऱ्या मजल्याला ऐकू गेले.

बाई, मला आधी मुळीच पटले नव्हते. तिच्या खुर्चीत बसून तिची बाजू मांडू लागले, तेव्हा पटले. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते: हरताना फार बरे वाटले.