देवराईतली कुसळं

मंगळवार, कार्तिक. दिवेलागणीनंतर.

पुतण्याचा मुंबईतला मित्र आज आला होता. मूळचा लखनौचा. म्हणे, मुंबई पाहून झाली, आता उरलेला महाराष्ट्र बघायचाय. पण वेल्ह्याच्या डोंगरात मुद्दाम कोण येतं? गडावर चढणारे, नाही तर जमिनी बघणारे. हा गडाकडे फिरकलाच नाही. आमच्या देवराईत उभा राहून त्यानं विचारलं, "ही जागा कोणाची?" म्हणजे हा जमिनी बघणाराच! "देवीची," म्हणालो. इथली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हेही जरा दरडावूनच सांगितलं.

तर हा निघताना बांधावर बसला आणि पँटला चिकटलेली कुसळं एकेक काढून आत टाकू लागला.

बायकोला सांगितलं तर ती हसली. "जमीन घेणारा कुसळं परत करतो व्हय? तुमी बी लई संशयी."

असेन. पण खालच्या गावातल्या जमिनी गोड बोलूनच गेल्या ना? जागा कोणाची, हे त्यानं विचारलंच कशाला?

मघाशी दिवा लावायला वाकलो, तर माझ्याच पायजम्याला कुसळं. पुडीत बांधून ठेवलीत. सकाळी आधी ती देवीला परत करायची. त्याच्याबद्दल काय ते मग ठरवू.