टाकीखालची लादी

देवास, रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. रुक्मिणीताईंस नीलकंठचा साष्टांग नमस्कार.

आज सकाळी दूध घेतले, माशांना दाणे टाकले, खिचडी केली. दुपारी पाहुणे येऊन गेले. तेच लिहायला बसलो आहे. (बसलो म्हणजे तिसऱ्यांदा. दोनदा उठून टाकीखालची लादी पाहून आलो.) तुमचे गुडघे कसे आहेत? भगवंतरावांचा खोकला?

माझी अल्पना गेल्यावर तुम्ही म्हणालात, धाकट्या बहिणीची माशांची टाकी धारला पाठवा, नात चिऊ सांभाळील, तुमच्या हॉलची फरशी तशीही दबते आहे. दबते आहे, खरे आहे. पाचफुटी टाकी पाण्यासकट अर्धा टन भरते आणि खालच्या टाइल पोकळ वाजतात. म्हणून मासे चार दिवस टबात ठेवून फरशीच बदलायची ठरवली. चकचकीत टाइल पाहिली, तिच्यावर दुकानातच घसरलो. लाकडासारखी दिसणारी पाहिली, ती पाण्याने फुगते म्हणे. मग टाकीखाली म्हणून दाखवली कशाला, हे विचारायचे राहिले. (अल्पनाने विचारले असते.) शेवटी कोटा दगड ठरवला आणि बसस्टँडवरूनच ठेकेदार उमाशंकरला फोन केला. तिथे घोटाळा झाला. तुमच्याकडे फरशी म्हणतात, आमच्याकडे आईपासून लादी. मी म्हणालो, “भिया, घर में लादी करवानी है, जल्दी.” हॉर्नच्या आवाजात त्याने शादी ऐकले.

“इस उमर में, दादा?”

मला वाटले, लादीला वयाची अट कसली. म्हटले, “उमर छोड़ो. मजबूत चाहिए, वजन झेल ले. चमक-दमक नहीं चाहिए.” तो म्हणाला, “पुरानी वाली की याद नहीं आएगी?” मी म्हणालो, “पुरानी उखाड़ के फेंक देंगे.” (हे तुम्हाला लिहायला नको होते, पण जगदेवराव सांगतीलच, त्यांचे सासर धारचे.)

हे जगदेवराव उमाशंकरचे शेजारी. आज बहिणीला, विनोदिनीबाईंना, घेऊन दारात उभे. उमाशंकरने पाठवले म्हणाले. मी आत घेतले, पाणी दिले आणि विचारले, नमुना आणलात का? त्यांनी बहिणीकडे पाहिले. मग म्हणाले, कुक्षीला शाळेत शिकवत होती, स्वभाव शांत, तब्येत ठणठणीत. मी विचारले, बसवायला किती दिवस लागतील? बाईंच्या ध्यानात आधी आले. त्यांनी सोफ्याच्या कडेला ठेवलेला कोट्याचा तुकडा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. “दादा, उठ. इनको बीवी नहीं, फर्शी चाहिए.”

चहा घेऊन गेले. जाताना बाई टाकीपाशी थांबल्या, हे सगळं कोण करतं, म्हणाल्या. मी म्हणालो, मीच.

आपला,
नीलकंठ

ता. क. – धारला काही ऐकू आले तर ते लादीचेच समजावे.

ता. क. – टाकी पाठवा म्हणालात तेव्हा मी गप्प होतो, तो होकार धरू नये. फरशीचे काम आठवड्यात होईल. मग टाकी इथून हलवायला कारणच उरत नाही. बहीण तुमची, हक्क तुमचाही आहे, म्हणून विचारतो: राहू द्याल का? घरात आवाज म्हणून तिच्या पंपाचाच आहे. चिऊला सुट्टीत इकडे पाठवा, दाणे तीच टाकील.

उत्तर हो आले तरच उमाशंकरला परत फोन करीन. आता पाणी बदलायचे आहे. नळी टाकीत सोडतो आणि खाली बादली लावतो.