अक्कांचा नंबर

सोम., १२ जाने. नांदेड
दादा (ह्यांचे थोरले भाऊ) गेल्यापासून अक्का, माझ्या जाऊबाई, देगलूर सोडून आमच्याकडेच. वर्ष होत आलं, घराबाहेर पाऊल नाही. आज पेपर वाचता वाचता एकदम म्हणाल्या, "सुनंदा, लातूरला टेनिसची मोठी स्पर्धा हाय म्हनं. भाईरदेशच्या पोरी यायल्यात."
दादा अंथरुणाला खिळले तेव्हा उशाशी बसून, आवाज बंद करून, टीव्हीवर टेनिस बघायच्या. तीच गोडी लागली.
सहज विचारलं, जायचं का?
"जाऊत की."
हे चहा प्यायचे थांबले.

मंगळ., १३
तिकिटं कधीच संपली. उरलीसुरली रोज सकाळी मैदानावरच्या खिडकीत, माणशी एक. म्हणजे रांग. हे म्हणतात, वहिनी, घरी बसून जास्त चांगलं दिसतं. अक्का नुसत्या हसल्या. धपाट्यांच्या पिठासाठी ज्वारी निवडायला घेतली.

शुक्र., १६. लातूर
काल माहेरी, भावाकडे मुक्काम. आज उजाडायच्या आत रांगेत. तरी पुढं ही गर्दी. थंडी मरणाची. पुढं कॉलेजच्या तीन खेळाडू पोरी. थोड्या वेळानं बघते तर अक्का त्यांना धपाटे देऊन वाद घालायल्या! "त्या उंच पोरीचा उलटा हात लई भारी हाय, तुमी काय बी म्हना." ह्या अक्का मी बघितल्याच नव्हत्या.
मधेच एक गृहस्थ पोरींच्या पुढं घुसला. पोरी गप्प. अक्का शांतपणे, "भाऊ, ही लेकरं अंधारापासून उभी हायत. मागं या, धपाटं देते." रांग हसली. गेला बिचारा मागं. धपाटंही घेतलं.
अक्कांनी तिकीट घेतलं आणि खिडकी बंद. शेवटचं! मी मागं, रिकाम्या हातानं.
"तू जा गं. मला एकटीला कसं जमंल?"
मी नाही म्हटलं. बराच वेळ तिकीट बघत उभ्या. मग पदर खोचला आणि गेल्या. वळूनही बघितलं नाही.
मी बाहेर कट्ट्यावर. टाळ्या ऐकल्या की वाटायचं, ह्यात अक्कांच्याही असतील.
बाहेर आल्या तर चेहरा उन्हानं लाल. "ती उंच पोरगी हरली गं. पन शेवटच्या चेंडूपर्यंत पळायली. सुटलेल्या चेंडूमागं बी." मग म्हणाल्या, "ह्यांनी बी असंच केलं."
वर्षभरात पहिल्यांदा दादांचा विषय त्यांनी काढला.

शनि., १७. नांदेड
मी परत. आज शाळेत तास घ्यायचे होते. अक्का तिथंच, फायनलसाठी! "तू जा, माझं मी बगते."

रवि., १८
सकाळपासून फोन लावतेय. भाऊ म्हणाला, पहाटेच ऑटोनं गेल्या, एकट्या, कुणाला उठवलंही नाही. तिकीट मिळालं का कळेना. हे सारखे विचारतायत.
आत्ता एकदाचा लागला. मागं नुसता कालवा. अक्का घाईत, "ठिव गं फोन, खिडकी उघडली."