आरामात दुखतं

जुना जालना
सोमवार, दि. २० जानेवारी २०२५

चि. वसंता यास,
दादाचा सप्रेम जय भीम. भोकरदनला सगळे बरे असतील. इकडे मीही बरा आहे, पण मला बरं राहू देत नाहीत.

गेल्या आठवड्यात राजानंदनं मला नवीन जालन्यातल्या डॉक्टरकडे नेलं. विहाराचा चढ चढताना छातीत धरतं, एवढंच मी पोराला बोललो होतो. तिथं यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून बघणार होते. डॉक्टरनं विचारलं, "बाबा, आरामात दुखतं का?" मी म्हणालो, "हो की, आरामातच दुखतं." म्हणजे हळूच, फार नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ निघाला, काही न करता, बसल्या जागी. झालं. पट्टा रद्द, लगेच भरती व्हा. मी उठून घरी आलो.

डॉक्टर समजावत होता. चालताना पायाचे स्नायू रक्त मागतात, तिकडच्या वाटा रुंद होतात, हृदय पळू लागतं. पण हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की विसावा आखूड. त्यात माझी नळी अरुंद, म्हणून चढावर दुखतं, थांबलो की जातं. मग मी थांबतो की. भरती कशाला? साऱ्या अंगाला पुरवणाऱ्यानंच घाईघाईत खायचं, हा कुठला न्याय?

आता मी विहाराचा चढ चढू नये म्हणून राजानंदनं माझ्या चपला लपवल्यात. म्हणतो, "बाबा, तुम्हीच सांगितलं ना डॉक्टरला? मंग आता कामून पलटून राह्यले?" सून अक्षता त्याच्याच बाजूनं. पोटचं पोर बापाचं मराठी सोडून डॉक्टरचं मराठी खरं धरतं. तू शाळामास्तर होतास, तो तुझं ऐकतो. ही शब्दाची चूक होती, असं त्याला फोनवर सांग.

एवढं काल सकाळी लिहिलं. दुपारी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. पाय पसरलेले, ते काहीच मागत नव्हते. तरी धरलं. डाव्या हातापर्यंत गेलं. अक्षतानं विचारलं तर म्हणालो, शेंगेत अळी निघाली म्हणून तोंड वाकडं झालं. आज पहाटे पुन्हा.

तेव्हा फोनवर ते सांगू नकोस. शेजारचा बद्रीनाथ हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याच गाडीवर बसून ये. आल्या आल्या सगळ्यांसमोर मला रागाव. मी थोडा वाद घालीन, तू मागे हटू नकोस. धाकट्या भावानं हट्ट धरला म्हणून दादा भरती झाला, एवढंच राजानंदला दिसू दे.

दाराकडे बघत बसलेला,
तुझा दादा
कडूबा