प्लास्टिकच्या झाडाला घातलेले पाणी

मी, केदारनाथ विरुपाक्ष समशेट्टे, वय ७३, धंदा कुंडीतल्या झाडांची नर्सरी, राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला याचाच मला संताप आहे.

कारण सांगून टाकतो. माझा एकुलता एक मुलगा रुद्रेश लोकांची घरे सजवून देतो. गेल्या श्रावणात त्याने आमचाच दिवाणखाना सजवला आणि कोपऱ्यात अरेका पाम आणून ठेवला. झाड प्लास्टिकचे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालू लागलो. रुद्रेशने ते पाहिले, मला एका शब्दाने सांगितले नाही आणि थेट त्रिंबकराव वकिलांकडे जाऊन विचारले, "आप्पाला आता काय बी समजंना गेलंय. त्यांची सही चालंल का?" त्रिंबकराव माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी महिन्यापूर्वी मला सगळे सांगितले. घरी येऊन मी पान चिमटीत धरून पाहिले. चाळीस वर्षे मी या गावातल्या बैठका, बँका, दवाखाने हिरवे ठेवले, आणि मलाच फसवले ते माझ्याच दिवाणखान्यातल्या झाडाने. पण दोष डोळ्यांचा आहे, तो डोक्यावर ढकलू नये.

कलम १. स्वकष्टार्जित राहते घर व बँकेतील ठेव रुद्रेशला द्यावी. त्याच्यावर राग आहे, वैर नाही. अट एकच. भिंत सलग दिसावी म्हणून त्याने पूर्वेच्या खिडकीवर प्लायवूड ठोकले आहे, ते काढावे. आधी उजेड बुजवायचा आणि मग कोपरा उदास दिसतो म्हणून प्लास्टिक आणायचे, याला सजावट म्हणतात हे मला मरेपर्यंत पटणार नाही.

कलम २. कात्र्या, खुरपी, फवारा व हातगाडी भिवराबाईला द्यावी. एकोणीस वर्षे ती घरोघरी जाऊन ओल्या फडक्याने पानांवरची औष्णिक वीज केंद्राची राख पुसते आहे. परळीत झाड पाण्यावाचून मरायच्या आधी राखेने गुदमरते. हे रुद्रेशच्या चकचकीत पुस्तकांत कुठेही छापलेले नाही.

कलम ३. दातांच्या दवाखान्यात माझे रबराचे झाड एसीच्या तोंडाशी ठेवतात. मंगल कार्यालयाच्या विजयमालाबाई कुंडीत पानाच्या पिचकाऱ्या मारू देतात आणि पाने पिवळी पडली की मलाच फोन करतात. या दोघांना माझ्या पश्चात एकही कुंडी देऊ नये. कितीही गोड बोलले तरी.

कलम ४. अंबाजोगाई रस्त्यावरील नर्सरी. हे कलम मी तीनदा लिहून तीनदा खोडले.

आमच्या नर्सरीला गावात माहेर म्हणतात. घरातले झाड असे मुळात काही नसतेच. चार भिंतींत ते पंधरा-वीस दिवस दम काढते, मग कोमेजते. म्हणून आम्ही ते हातगाडीवर परत आणतो, जाळीखाली उजेडात ठेवतो आणि त्याच्या जागी दुसरे नेतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणते, "झाड थकलंय, माहेराला न्या." रुद्रेशला हे माहेर मोडून तिथे प्लास्टिकच्या झाडांचे गोदाम करायचे आहे. मग थकलेली झाडे कुठे जाणार?

पहिल्यांदा मी भिवराबाईचे नाव लिहिले. ती म्हणाली, "मला फडकं बास हाय मालक, जागा नगं. सूनबाईला द्या की."

मी हसलो. आमच्या सूनबाई रुचिका हिने चहाचा चोथा साखर-दुधासकट ओतून माझे दोन मनी प्लांट मुंग्यांना खाऊ घातले आहेत. स्नेक प्लांटला रोज पाणी पाजून मुळे कुजवली आहेत. झाडातले तिला ओ की ठो कळत नाही.

तेव्हा भिवराबाई म्हणाली, "तुमी त्या खोट्या झाडाला पानी घालून गेलाव की सूनबाई कुंडीखालची ताटली उपसत्यात. रोज. मी म्हनलं, आप्पाला सांगून टाका की. तर म्हनल्या, न्हाई सांगायचं, त्यांची सकाळ चांगली जाती."

मग मी दोनदा रुचिकाचे नाव लिहिले आणि मनी प्लांट आठवून दोनदा खोडले.

तरी नर्सरी, जागा, जाळी, झाडे व गिऱ्हाइकांची वही यांसह, माझी सून सौ. रुचिका रुद्रेश समशेट्टे हिच्या एकटीच्या नावे करावी. रुद्रेशचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. पाणी किती आणि कधी घालायचे ते भिवराबाई सहा महिन्यांत शिकवील.

मला कळले आहे हे रुचिकाला हा कागद वाचला जाईल तेव्हाच कळेल. तोवर मी रोज सकाळी त्या प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालणार आहे, कारण थांबलो तर तिला संशय येईल. फक्त हल्ली अर्धाच तांब्या घालतो, तिला फार उपसावे लागू नये म्हणून. हे वाचून कोणी पुन्हा माझ्या डोक्याबद्दल शंका काढलीच, तर दाखला जोडलेला आहे.

सही
केदारनाथ विरुपाक्ष समशेट्टे

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१) अॅड. त्रिंबक गणपतराव मुळे, परळी वैजनाथ
२) सुंदरराव बाबाराव शिंदे, शेजारी, परळी वैजनाथ

स्थळ: परळी वैजनाथ
दिनांक: १२ जानेवारी २०२५